नावाखालची लाल रेघ

जत केंद्राकडून सलग पाचव्या आठवड्यात 'सर्व ठीक' आले, तेव्हा लालासाहेब जाधवांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ डोळे चोळत बसले. अकरा बायका, पाच आठवडे, रोज एक निरोप, आणि प्रत्येकीचा निरोप तोच. जिथे होळीच्या आधीच टँकर सुरू होतात त्या तालुक्यात पाच आठवड्यांत एकही मेंढी लंगडली नाही, एकाही गाईने चारा सोडला नाही, हे त्यांच्या मनाला पटेना. पण आपल्या मनाला पटत नाही म्हणून एखादी गोष्ट खोटी असते, असे म्हणायची हिंमत त्यांची जन्मात कधी झाली नव्हती.

साताऱ्यात पोवई नाक्याच्या मागच्या एका बोळात, दुसऱ्या मजल्यावर, जनावरांच्या औषधपाण्याचे काम करणाऱ्या संस्थेचे कार्यालय होते. तिथे लालासाहेब एकतीस वर्षे लेखनिक होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. निवृत्तीला सात महिने उरले होते. कोरेगाव, इस्लामपूर आणि जत अशी संस्थेची तीन केंद्रे. प्रत्येक केंद्रावर दहा-बारा पशुसखी, म्हणजे गावोगाव फिरून आजारी जनावरे बघणाऱ्या, लस टोचणाऱ्या, संस्थेनेच शिकवून तयार केलेल्या बायका. त्या रोजची नोंद साताऱ्याला पाठवत. नोंदीत जिथे आजार दिसेल तिथे डॉक्टर आणि औषधे घेऊन गाडी जाई. गाड्या दोनच. नोंद नाही तिथे गाडी नाही, असा साधा कारभार होता.

आणि आता जतची गाडी काढून कोरेगावला द्यायचे चालले होते. कोरेगावकडे गाईंच्या अंगावर गाठी उठत होत्या, तिथल्या बायका रोज वीस-वीस नोंदी पाठवत होत्या. प्रियदर्शनी मॅडम, संस्थेच्या व्यवस्थापक, बोलायला सरळ बाई. त्यांनी मंगळवारी लालासाहेबांना सांगितले की शनिवारच्या सभेसाठी तिन्ही केंद्रांचा तक्ता करा, म्हणजे अध्यक्ष वीरधवल दादांसमोर निर्णय करून टाकू. लालासाहेबांनी तक्ता केला. जतच्या रकान्यात पस्तीस दिवसांचे पस्तीस शून्य भरताना त्यांचा हात जड झाला.

त्याचे कारण अंबूबाई होती.

अंबूबाईला त्यांनी कधी पाहिलेले नव्हते, पण नऊ वर्षे वाचलेले होते. ॲप येण्याआधी नोंदीच्या वह्या एसटीच्या पार्सलने येत. कर्नाटकाच्या शिवेजवळच्या एका वाडीवरून येणारी अंबूबाईची वही ते सगळ्यांत शेवटी, चहा घेत, सावकाश वाचत. घरात कन्नड बोलणारी ती बाई मराठी लिहायची ते बोलल्यासारखे. मेंढीला कुरी लिहायची. कोणाच्या मेंढीला काय झाले ते सांगता सांगता त्या घरची सून कशी बाळंतपणाला गेली आहे आणि म्हणून मेंढरांकडे बघायला कोणी नाही, हेही लिहायची. नोंद म्हणून त्यात निम्मे फालतू असे, पण डॉक्टरांना त्या फालतूतूनच पुष्कळ कळे. लालासाहेब लाल पेन काढून तिचे शब्द दुरुस्त करत आणि वही परत पाठवत. कोणी सांगितले नव्हते. लहानपणापासून पुस्तकांत राहिलेल्या माणसाची ती एक खोड होती. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत असे त्या घटकेपुरते त्यांना वाटे, आणि पुढच्याच घटकेला ते खरे नसावे असेही वाटे.

त्याच लाल पेनाने ते आणखी एक काम करत. संस्था काढणाऱ्या उदयसिंह बापूंनी फार पूर्वी एक नियम घालून दिला होता. ज्याने खोटी नोंद केली, किंवा नोंद दडवली, किंवा वेळेवर दिली नाही, त्याच्या नावाखाली हजेरीपटावर लाल रेघ मारायची. वर्षात तीन रेघा झाल्या की पुढच्या वर्षाचा नेमणुकीचा आदेश निघत नसे. बापू गेले, रेघ राहिली. प्रत्येक केंद्रात हजेरीपटाची प्रत भिंतीला लावलेली असे. एकतीस वर्षांत लालासाहेबांनी एकूण सतरा रेघा मारल्या होत्या, आणि ती सतरा नावे त्यांना पाठ होती.

गेल्या दिवाळीनंतर वह्या बंद झाल्या आणि सगळ्यांच्या फोनवर ऑफिसचे ॲप आले. दोन महिन्यांपूर्वी इस्लामपूरला तिन्ही केंद्रांचे एकत्र प्रशिक्षण झाले. सांगलीहून कॉम्प्युटरचे काम बघणारा विश्वजित आला होता. तो पडद्यावर एकेक सोय दाखवत होता, त्यात शुद्धलेखन तपासणी आली. लालासाहेब मागच्या रांगेत बसले होते. सभेत ते सहसा तोंड उघडत नसत. त्या दिवशी मात्र ते उभे राहिले आणि म्हणाले की ही सोय सगळ्यांच्या फोनमध्ये चालू करून द्यावी, नोंदी स्वच्छ होतील. मॅडमनी मान डोलावली, कोणीतरी टाळीही वाजवली. विश्वजितने संध्याकाळपर्यंत सगळे फोन गोळा करून मराठीची तपासणी चालू करून दिली. घरी परतताना एसटीत लालासाहेब खिडकीकडे तोंड करून एकटेच हसले होते. स्वतःच्या कॉम्प्युटरवर चुकलेल्या शब्दाखाली ती बारीक लाल रेघ उमटली की त्यांना बरे वाटे. आपल्यासारखीच खोड असलेला एक सोबती मिळाल्यासारखे.

मंगळवारी दुपारी त्यांनी जत केंद्राच्या रामगोंडाला फोन लावला. रामगोंडा पाटील केंद्राचा प्रमुख, जैन शेतकरी घरातला, मोजके बोलणारा. लालासाहेबांनी आडून आडून विचारले. तो म्हणाला की बायका ठीक आहे म्हणतात तर ठीक असेल. फोन ठेवायच्या आधी म्हणाला, "भाऊसाहेब, फोनवर नगं. गुरुवारी समद्या औषधं न्यायला येत्यात. तवा येऊन जावा एकदा."

मॅडमना काय सांगावे हे लालासाहेबांना सुचेना. नुसता संशय आहे असे म्हटले तर त्या कारण विचारतील, आणि कारण तर त्यांच्याजवळ नव्हते. त्यांनी सांगलीला घरचे काम आहे म्हणून रजेचा अर्ज दिला. एकतीस वर्षांतली ही पहिली थाप, आणि ती लिहून देताना अर्जात दोनदा खाडाखोड झाली.

गुरुवारी सकाळी सहाची गाडी धरून ते निघाले. सांगलीत गाडी बदलली. मिरजेच्या पुढे ऊस संपला, द्राक्षाचे मांडव संपले, मग नुसती वाळलेली ज्वारीची धाटे आणि वर पांढरे पडलेले आभाळ. गुडघे दुखत होते. आपण हे कशासाठी करतो आहोत, पोचून काय विचारणार आहोत, हे त्यांना नीट ठाऊक नव्हते. कवठे महांकाळच्या स्टँडवर उतरून परतीची गाडी धरावी असे एकदा मनात येऊनही गेले.

जतचे केंद्र म्हणजे बाजार समितीमागची पत्र्याची शेड. दाराशी कडुलिंब. त्याच्या सावलीत अकरा बायका लसीचे थंड डबे मांडीशी घेऊन बसल्या होत्या आणि मराठी-कन्नडात मोठमोठ्याने बोलत होत्या. कोणीतरी काहीतरी म्हणाले आणि सगळ्या हसल्या. तेवढ्यात रामगोंडा लालासाहेबांना घेऊन पुढे झाला आणि म्हणाला, हे साताऱ्याचे भाऊसाहेब. हसणे जागच्या जागी थांबले. एकेक करून सगळ्या उठून उभ्या राहिल्या. दोघी-तिघींनी हातातले फोन पदराखाली घेतले.

लालासाहेबांना वाटेत उगीच वाटले होते की आपल्याला पाहून कोणाला तरी आनंद होईल. ते खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि खाली बघत राहिले.

शेवटी एक उंच, सडपातळ, पन्नाशीची बाई पुढे आली. तिने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन हातात धरला होता. ती अंबूबाई आहे हे त्यांना कोणी न सांगता कळले.

"आता किती झाल्या, भाऊसाहेब?" तिने विचारले.

"काय किती झाल्या?"

"रेघा. माज्या नावाखाली. आमी मोजायचं सोडलं. तीनाच्या वर कवाच गेल्या असतील."

लालासाहेबांना काही कळेना. तिने पिशवी सोडली, फोन काढला, ॲप उघडले आणि एकेका अक्षराला बोट लावत स्वतःचे नाव लिहिले. नोंदीची सुरुवात नावाने करायची, मग गाव, मग जनावर, असा शिरस्ता वहीपासून होता. नाव पुरे झाले आणि त्याच्याखाली बारीक लाल रेघ उमटली. तिने फोन त्यांच्यापुढे धरला.

"बगा. आजून म्या काय लिवलंच न्हाई, आन तुमी मारली बी."

मागून एक बाई म्हणाली की तिच्या गावाच्या नावाखालीही येते. दुसरीने सांगितले, कुरी लिहिले की येते, औषधाचे नाव लिहिले की येते. रामगोंडा हळूच म्हणाला की त्याच्या नावाखालीही येते, पण तो साताऱ्याला विचारायला भ्याला.

मग सगळे उलगडत गेले. लालासाहेब साताऱ्यात बसून, बोट उठायच्या आत, प्रत्येक शब्दावर नजर ठेवून आहेत असे या बायकांना वाटले होते. त्यात नवल काहीच नव्हते. नऊ वर्षे वहीत लाल पेन त्यांचेच होते आणि भिंतीवरच्या हजेरीपटावरची रेघही त्यांचीच. कोरेगाव-इस्लामपूरच्या वह्यांत ते पेन कधी फिरले नव्हते, म्हणून तिथे कोणी भ्याले नाही. पहिल्या आठवड्यात अंबूबाईच्या नावाखाली रोज रेघ आली. तिने घरी जाऊन नवऱ्याला सांगितले की आपले काम गेले. मग तिने नाव लिहायचे सोडले. मग गाव सोडले. मग कुरी सोडली. असे एकेक सोडत गेल्यावर रेघ न येणारे दोनच शब्द तिला सापडले, आणि ते तिने बाकीच्या दहा जणींना सांगितले.

"पण आजारी जनावरं?" लालासाहेबांनी विचारले. "त्यांचं काय केलंत?"

अंबूबाईने फोन पिशवीत गुंडाळला. मग म्हणाली, "माज्या दिराची सात मेंढरं गेली. माडग्याळी जातीची. लाळ गळत हुती, खूर फुटलं हुतं. जीव ऱ्हाईना म्हून खासगी डाक्टर आणाया मी चालत गेले, तवर तीन पडली, मागनं चार. गाडी आली असती तर वाचली असती का, मला काय ठावं."

कोणी रडले नाही, कोणी आवाज चढवला नाही. उलट एक बाई म्हणाली की भाऊसाहेबांना चहा तरी द्या. ते लालासाहेबांना सगळ्यांत जड गेले.

त्यांनी समजावायचा प्रयत्न केला. ही रेघ मी मारत नाही, मला साताऱ्यात ती दिसतही नाही. निरोप पाठवला की ती राहत नाही. बायका ऐकत होत्या, पण चेहरे हलत नव्हते.

"मग मारतंय कोन?" अंबूबाईने विचारले.

"मशीन."

"मशीनला माजं नाव काय ठावं?"

"ठाऊक नाही," लालासाहेब म्हणाले, "म्हणूनच मारतंय." आणि जे सांगितले नाही तरी चालले असते ते त्यांनी सांगितले. "ते चालू करा म्हणून मीच म्हणालो होतो. इस्लामपूरला."

त्यांनी विश्वजितला फोन लावला. हे सगळ्यांचे एकदम बंद करता येईल का, असे विचारले. विश्वजित म्हणाला की आजच्या आज तसे जमणार नाही, ज्याच्या त्याच्या फोनमध्ये जाऊन बंद करावे लागते. मग हसून म्हणाला, "भाऊसाहेब, तवा तर लय हौस हुती तुमाला. सगळ्यांचं लावा म्हणाला. माजी एक रात्रीची गाडी चुकली हुती त्या नादात." लालासाहेबांनी ते ऐकून घेतले आणि कुठे कुठे बोट लावायचे ते कागदावर लिहून घेतले.

मग कडुलिंबाखाली खुर्ची ओढून ते अकरा फोन घेऊन बसले. प्रत्येक फोन वेगळा, प्रत्येकाची पाने वेगळ्या जागी. एकाची काच फुटलेली, बोटाला टोचत होती. एकात सगळे कन्नडमध्ये होते, ते रामगोंडाने वाचून दाखवले. एक फोन झाला की ते त्या बाईला बोलावत आणि नाव लिहायला सांगत. ती जपून, जवळजवळ श्वास धरून नाव लिहायची. खाली काही उमटले नाही की क्षणभर वाट बघायची, उशिरा तर येणार नाही ना म्हणून. अंबूबाईने नाव लिहिले, वाट पाहिली, मग गाव लिहिले, कुरी लिहिले, आणि फोन घेऊन भिंतीशी जाऊन बसली.

तारखा सगळ्यांकडे होत्या. कोणी कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या, कोणी लसीच्या डब्याच्या झाकणावर. चार वाजेपर्यंत सगळ्या लिहीत बसल्या. परतीच्या एसटीत लालासाहेबांच्या खिशातला फोन सारखा थरथरत होता. त्यांनी तो काढून पाहिला नाही. फार दमले होते.

शनिवारच्या सभेत मॅडमनी पहिला प्रश्न केला तो हाच, की पाच आठवडे शून्य आणि गुरुवारी एका दिवसात एकशे चौदा नोंदी, हे कसे. गाडी जाणार हे कोणीतरी जतला कळवले आणि बायकांनी बसून रचले, असे त्यांना वाटत होते. वाटण्यासारखेच होते. वीरधवल दादा, बापूंचे चिरंजीव, तक्ता बघत होते. ते शांतपणे म्हणाले की रचले असेल तर खोटी नोंद झाली आणि रचले नसेल तर वेळेवर दिली नाही. बापूंचा नियम दोन्हीला एकच आहे. अकरा जणींच्या नावाखाली रेघ मारा, आणि गाडी पहिल्या तारखेपासून कोरेगावला.

हजेरीपट लालासाहेबांच्याच पुढे होता. पेनही त्यांच्याच खिशात. त्यांनी पेन काढले, टोपण उघडले, आणि हात थांबला. इस्लामपूरला आपण कसे उभे राहिलो होतो, हे त्यांना आठवेना. शेवटी बसल्या जागीच, पटाकडे बघत, ते बोलू लागले. रजेचे कारण खोटे होते इथपासून सुरुवात केली. नावाखालची रेघ, सुटत गेलेले शब्द, सात मेंढ्या, सगळे सांगितले. बोलताना दोनदा क्रम चुकला, मागे जाऊन परत सांगावे लागले.

"माझ्या पेनाला भ्याल्या त्या," ते शेवटी म्हणाले. "मशीनचं नुसतं निमित्त झालं. नोंद दडली ती माझ्यामुळं. नियमानं रेघ एकच होते, दादा. अकरा नव्हे."

दादांनी मॅडमकडे पाहिले. मॅडमनी गुरुवारच्या नोंदी पुन्हा उघडल्या आणि त्यातल्या अंबूबाईच्या वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता त्या मध्येच थांबल्या. त्यांनी संस्थेच्या डॉक्टरांना फोन लावला, खासगी डॉक्टर अंबूबाईच्या वाडीवर कोणत्या तारखेला गेला होता ते काढायला सांगितले. दहा मिनिटांनी उत्तर आले. तारीख जुळत होती.

गाडी जतलाच राहील, आठवड्यातले फक्त दोन दिवस कोरेगावला जाईल, असे ठरले. तपासणी उरलेल्या दोन केंद्रांच्या फोनमध्येही बंद करायची, मॅडम स्वतः केंद्रांवर जाऊन करून घेतील. मग दादा थोडे अवघडून म्हणाले, "आन भाऊसाहेब, ते तुमचं..." त्यांनी पटाकडे बोट केले.

लालासाहेबांनी पट्टी घेतली. हजेरीपटावर कार्यालयाच्या पानावर तिसरे नाव त्यांचे होते. त्यांनी त्याखाली रेघ मारली. नेहमीसारखीच सरळ आली. पुढे कंसात कारण लिहायचे असते; ते त्यांनी लिहिले, वाचले आणि टोपण लावले. अठरावी.

सोमवारी सकाळी जतच्या नोंदी आल्या. अंबूबाईची सगळ्यांत लांब होती. दिराची उरलेली मेंढरे उभी आहेत, पण चरायला जात नाहीत. जाऊबाईने दोन दिवस चूल पेटवलेली नाही. दोन कुऱ्यांना दणिवू लय हाय. लालासाहेबांनी दोनदा वाचले. दणिवू हा शब्द त्यांना येत नव्हता. सवयीने हात खणातल्या शब्दकोशाकडे गेला आणि तिथूनच परत आला. त्यात तो नसणार होता.

त्यांनी कॉम्प्युटरवर उत्तर लिहायला घेतले. ॲपवर ते आजवर नुसते वाचतच आले होते. शिरस्त्याप्रमाणे आधी आपले नाव लिहिले. लालासाहेब. त्याच्याखाली बारीक लाल रेघ उमटली. अकरा फोन त्यांनी बंद केले होते, आपला राहूनच गेला होता. ते तिच्याकडे बघत राहिले. मग पुढे लिहिले की अंबूबाई, दणिवू म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, सांगा. आणि तसाच निरोप पाठवून दिला.

उत्तर यायला अर्धा तास लागला. ती कुठेतरी रानात असावी. 'दणिवू म्हंजे थकवा भाऊसाहेब. पाय उचलत न्हाईत. गाडी उद्याच येऊ द्या.'

लालासाहेबांनी उद्याच्या गाडीच्या कागदावर वाडीचे नाव सगळ्यांत वर घातले आणि कागद मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला.